‘डिसइंटरेस्टेड’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

रानजाई

एका संस्थेच्या नियमावलीचा मराठी अनुवाद सध्या माझ्याकडे तपासायला आला आहे. अभ्यासवृत्तीचे अर्ज कुणी तपासायचे याबद्दल मूळ इंग्रजीत एक कलम आहे : प्रत्येक अर्ज दोन ‘डिसइंटरेस्टेड’ परीक्षकांकडे जाईल. मराठी मसुद्यात त्याचं असं झालं आहे – ‘प्रत्येक अर्ज, ज्यांना त्यात स्वारस्य नाही अशा दोन परीक्षकांकडे पाठवण्यात येईल.’ अर्थ पार उलटा झाला. एवढी मेहनत करून अर्ज भरणाऱ्या उमेदवाराने हे वाचलं, तर आपला अर्ज मन लावून वाचणार नाहीत अशाच माणसांकडे तो जाणार, असं त्याला वाटेल.

ही चूक मराठी माणसाकडून वारंवार होते आणि तिला कारण आहे. इंग्रजीतल्या ‘इंटरेस्ट’ या एका शब्दात निदान तीन गोष्टी राहतात : रस, हितसंबंध आणि व्याज. मराठीत तिघांनाही आपापली घरं आहेत. पण आपण बोलण्यात ‘इंटरेस्ट’ उसना घेतला तो फक्त पहिल्या अर्थाने. ‘मला त्यात इंटरेस्ट नाही’, ‘त्याने काही इंटरेस्टच दाखवला नाही’ हे आपण दिवसभर बोलतो. ‘या जमिनीत त्याचा इंटरेस्ट आहे’ असं फार तर वकिलाच्या तोंडी येईल. त्यामुळे ‘डिसइंटरेस्टेड’ कानावर पडला की आपल्या ओळखीचा इंटरेस्ट पुढे येतो, त्याला नकार चिकटतो आणि ‘रस नसलेला’ तयार होतो.

खरं तर ‘डिसइंटरेस्टेड’मधला नकार हितसंबंधाला आहे. निकाल इकडे लागो की तिकडे, ज्याच्या पदरात काही पडणार नाही आणि पदरचं काही जाणारही नाही, तो डिसइंटरेस्टेड. रस नसलेल्यासाठी ‘अनइंटरेस्टेड’ आहे. न्यायाधीश डिसइंटरेस्टेडच हवा, आणि तो अनइंटरेस्टेड असून मुळीच चालणार नाही. फुटबॉलच्या पंचाचा खेळावर जीव असतो, नव्वद मिनिटं त्याची नजर चेंडूवरून हलत नाही, पण कुणी जिंकलं म्हणून त्याला ना फायदा ना तोटा. उलट, ज्याने एका संघावर पैसे लावलेत त्याला खेळ आवडतही नसेल. तो अनइंटरेस्टेड असेल, डिसइंटरेस्टेड मात्र मुळीच नाही.

प्रश्न असा, की मराठीत यासाठी एकच शब्द चालवायचा तर कोणता? निःपक्षपाती, तटस्थ, त्रयस्थ, निःस्वार्थ, निरपेक्ष हे सगळे जवळ जातात आणि थोडे थोडे निसटतात. ‘निःपक्षपाती’वर माझा आक्षेप असा, की तो माणसाच्या वागण्याबद्दल बोलतो. स्वतःचा मुलगा स्पर्धेत असतानाही एखादा परीक्षक अगदी निःपक्षपातीपणे गुण देऊ शकेल, पण तो डिसइंटरेस्टेड म्हणवणार नाही. तुमचं मत सांगा.

पाणकणीस

इंग्रजी वाचताना मी ‘डिसइंटरेस्टेड’च्या जागी ‘इम्पार्शल’ घालून बघते. वाक्य टिकलं तर अर्थ ‘हितसंबंध नसलेला’. पुढे ‘इन’ आलं असेल, म्हणजे ‘डिसइंटरेस्टेड इन पॉलिटिक्स’ वगैरे, तर लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा ‘रस नसलेला’च म्हणायचं असतं. आणि नामाच्या आधी आला असेल, ‘डिसइंटरेस्टेड ऑब्झर्व्हर’, ‘डिसइंटरेस्टेड पार्टी’, तर हितसंबंध नसलेला.

तिसरा_प्रहर

रानजाई, मांडणी चोख आहे, पण दुसरी बाजूही धाग्यावर यायला हवी. ‘रस नसलेला’ हा ‘डिसइंटरेस्टेड’चा अर्थ अडाण्यांनी अलीकडे घुसवला असं समजण्याचं कारण नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या शब्दाचा सर्वांत जुना दाखला त्याच अर्थाचा आहे. तो सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, कवी जॉन डनच्या लेखनातला. ‘निःपक्षपाती’ हा अर्थ त्याच शतकात, पण नंतर आला. गंमत अशी की ‘अनइंटरेस्टेड’ त्याच शतकात निघाला तो ‘निःपक्षपाती’ या अर्थाने, आणि ‘रस नसलेला’ हे काम त्याच्याकडे आलं अठराव्या शतकात. म्हणजे या दोघांनी मध्येच जागा बदलल्या!

सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘डिसइंटरेस्टेड’चा पहिला अर्थ खासगी लाभाच्या विचारापलीकडे असलेला, असा आहे. नोआ वेबस्टरच्या १८२८ च्या कोशात व्याख्येची सुरुवातच ‘अनइंटरेस्टेड’ने होते आणि उदाहरण दिलंय न्यायाधीशाचं! आजचे बहुतेक इंग्रजी कोश दोन्ही अर्थ देतात, सोबत वापराची टीप जोडतात. मग एका अर्थाला ‘चूक’ कोणत्या अधिकाराने म्हणायचं? भाषा बोलणाऱ्यांची असते.

रानजाई

तिसरा_प्रहर, इतिहास मान्य. पण इतिहासावरून एवढंच ठरतं की घोटाळा जुना आहे. आज लिहिणाऱ्याचं काय? ‘द कमिटी वॉज डिसइंटरेस्टेड’ एवढं वाक्य घ्या. ही समितीची स्तुती आहे की तक्रार? दोन्ही अर्थ चालू ठेवले तर सांगता येत नाही. ‘रस नसलेला’साठी इंग्रजीत अनइंटरेस्टेड, बोअर्ड, इंडिफरंट, अ‍ॅपथेटिक अशी रांग उभी आहे. ‘ज्याला यातून काही मिळवायचं नाही’ यासाठी इतका नेमका दुसरा शब्द नाही. मिळवायचं काही नसूनही मनापासून लक्ष घालणारी माणसं असतात आणि त्यांच्या जिवावर परीक्षा, स्पर्धा, कज्जे, निवडणुका चालतात. त्यांच्या नावाचा शब्द मी सहजासहजी सोडणार नाही.

आणि बोलणाऱ्यांचंच म्हणाल, तर अमेरिकन हेरिटेज डिक्शनरीने १९८८ मध्ये आपल्या लेखक-संपादकांच्या मंडळाला विचारलं तेव्हा जवळजवळ नव्वद टक्क्यांनी ‘रस नसलेला’ हा वापर नापसंत केला होता. तेही बोलणारेच की.

तिसरा_प्रहर

ते मंडळ निवडक लेखकांचं होतं, हे लक्षात घ्या. पण समितीचं उदाहरण बिनतोड आहे. औपचारिक लिखाणात एकच अर्थ पाळावा, एवढं मलाही पटतं.

साक्षेपी

मी वकिली करतो. आमच्याकडे हा भेद रोजचा आहे आणि तिथे घोळ झाला तर माणसाचं नुकसान होतं.

मृत्युपत्राचं उदाहरण घ्या. इंग्लंडच्या १८३७ च्या विल्स अ‍ॅक्टमध्ये पंधरावं कलम आहे. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला किंवा त्याच्या जोडीदाराला त्याच मृत्युपत्राने काही दिलं असेल, तर ते देणं रद्द होतं. सही खरी धरली जाते, मृत्युपत्रही टिकतं, फक्त त्या साक्षीदाराला काही मिळत नाही. कायदा त्याच्या मनात डोकावत नाही. तो प्रामाणिक आहे की नाही, त्याला मरणाऱ्याबद्दल माया होती की नाही, काही विचारत नाही. त्याचं हित गुंतलंय का, एवढंच बघतो आणि ते हितच काढून टाकतो. एका परीने कायदा त्याला जबरदस्तीने डिसइंटरेस्टेड करतो!

कंपनी कायद्यातही तसंच. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कंपनी कायद्यात, ज्या व्यवहारात एखाद्या संचालकाचं स्वतःचं हित आहे त्याला मंजुरी कुणी द्यायची, हे ठरवताना ‘डिसइंटरेस्टेड डायरेक्टर्स’ असा शब्दप्रयोग आहे. तिथे कुणी ‘रस नसलेले संचालक’ असं वाचलं तर काय होईल बघा.

म्हणून रानजाईंचा ‘निःपक्षपाती’वरचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. निःपक्षपातीपणा मनात असतो, तो सिद्ध करणं अवघड. हितसंबंध कागदावर दिसतो.

आमच्या मराठी मसुद्यांत ‘हितसंबंध नसलेला’ किंवा ‘त्रयस्थ’ लिहितो. ‘स्वारस्य’ मी कटाक्षाने टाळतो. निविदांच्या जाहिरातींत ‘स्वारस्याची अभिव्यक्ती’ आल्यापासून तो शब्द ‘काम घ्यायची इच्छा’ या अर्थाने इतका रुळलाय, की ‘स्वारस्य नाही’ म्हटलं की ‘नको आहे’ असंच ऐकू येतं.

निंबोणी

‘त्रयस्थ’ला माझं मत. शब्दातच तिसऱ्या जागी उभा असलेला माणूस दिसतो.

जुनी_वही

धागा वाचताना सारखा ‘उदासीन’ आठवत होता. कुणी काढला नाही म्हणून मी काढते.

आज मराठीत ‘उदासीन’ म्हणजे ज्याला कशाचं काही नाही. ‘प्रशासन उदासीन’, ‘मतदार उदासीन’ असे मथळे रोज दिसतात. त्यावर ‘उदास’ची सावली पडल्यामुळे तो आणखी खिन्न झालाय. पण संस्कृतातला उदासीन असा नव्हता. उत् आणि आसीन, म्हणजे बाजूला, जरा वर बसलेला. भांडणाऱ्या दोन पक्षांच्या मधे न येणारा.

गीतेच्या बाराव्या अध्यायातला सोळावा श्लोक बघा : ‘अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः’. ‘दक्ष’ आणि ‘उदासीन’ शेजारी शेजारी! आजच्या मराठीत हे दोन शब्द एका माणसाला लावले तर वाक्य चुकलं असं वाटेल. तिथे मात्र तो भक्ताचा गुण आहे. सावध, कामाला तत्पर, आणि तरी कुठल्याही बाजूला स्वतःचा लोभ न ठेवणारा. रानजाईंचा पंच तो हाच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या राजमंडलातही, म्हणजे आजूबाजूच्या राजांच्या मांडणीतही, ‘उदासीन’ राजा आहे. जिंकू पाहणारा, त्याचा शत्रू आणि या दोघांच्या सीमेला लागून असलेला ‘मध्यम’ राजा या तिघांच्या पलीकडे असलेला, त्यांच्यापेक्षा बलवान, आणि ठरवलं तर यांतल्या कुणालाही मदत करू शकेल किंवा आवरू शकेल असा. त्याला काही पडलेलं नाही असं कौटिल्य म्हणत नाही. तो कुणाच्या गोटात नाही, एवढंच.

म्हणजे ‘डिसइंटरेस्टेड’चं इंग्रजीत जे होतंय ते आपल्याकडे ‘उदासीन’चं होऊन गेलंय. बाजूला बसलेला माणूस बघून लोकांनी ठरवलं की याला काही वाटत नसणार. मला याचं वाईट वाटतं, कारण आपल्याकडे नेमका शब्द होता आणि आता तो त्या अर्थाने वापरता येत नाही.

तिसरा_प्रहर

जुनी_वही, फार मोलाची भर. इंग्रजीत ‘इंडिफरंट’चंही असंच झालं. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या ‘बुक ऑफ कॉमन प्रेयर’ या प्रार्थनापुस्तकात, सत्तेवरच्या लोकांनी ‘ट्रूली अँड इंडिफरंटली’ न्याय द्यावा अशी प्रार्थना आहे. तिथे इंडिफरंटली म्हणजे भेदभाव न करता. आजच्या वाचकाला ती बेपर्वाईची प्रार्थना वाटेल. उदासीन, इंडिफरंट, डिसइंटरेस्टेड, तिघेही एकाच उतारावर. मी वर ‘चूक कोणत्या अधिकाराने म्हणायचं’ असं विचारलं होतं. ते अजूनही विचारतो, पण दोन शब्द त्या उतारावरून खाली गेलेले पाहिल्यावर तिसऱ्याला धरून ठेवावंसं वाटणं मला समजतं.

घनगर्द

‘निःस्पृह’ कुणी कसा घेतला नाही? रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव काढलं की ‘निःस्पृह न्यायाधीश’ हे आपोआप येतं. डिसइंटरेस्टेड जज म्हणजे तेच ना?

साक्षेपी

घनगर्द, इथे थोडं थांबावं लागेल, कारण यातून या विशेषणाचे दोन थर सुटे होतात.

रामशास्त्री पेशव्यांच्या पदरी न्यायाधीश होते. नारायणरावाच्या १७७३ मधल्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादाला दोषी धरलं, तेव्हा राघोबाच सत्तेवर होता. म्हणजे त्यांची नोकरी, मान, कदाचित जीवही त्या निवाड्याला बांधलेला. काटेकोर कायदेशीर अर्थाने त्यांचं हित गुंतलेलं होतं, तेही भयंकर. आजच्या नियमांप्रमाणे असा खटला त्यांच्यापुढे चालला नसता. तरी ते हिताच्या वर उठले. वर दिलेली जॉन्सनची व्याख्या, खासगी लाभाच्या विचारापलीकडे असलेला, त्यांना तंतोतंत लागू पडते.

तेव्हा ‘डिसइंटरेस्टेड’चा एक अर्थ जागेचा : हितच नाही. दुसरा स्वभावाचा : हित असूनही त्याने हलत नाही. ‘निःस्पृह’ दुसऱ्यासाठी उत्तम. नियमावलीत मात्र तो चालणार नाही. समिती नेमताना माणसं निःस्पृह आहेत का, हे कसं तपासणार? आणि रामशास्त्री दर पिढीला मिळतील यावर नियम बेतता येत नाहीत.

निंबोणी

मग ‘त्रयस्थ’ जागेचा आणि ‘निःस्पृह’ स्वभावाचा. जमलं!

वाळूचे_कण

विज्ञानातही हा शब्द मोक्याच्या जागी आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने १९४२ मध्ये विज्ञानव्यवहाराची चार मूल्यं मांडली, त्यातलं एक ‘डिसइंटरेस्टेडनेस’. वैज्ञानिक व्यक्तिशः साधुसंत असतात असं त्याचं म्हणणं नव्हतं, ते त्याने स्पष्टच केलं. प्रत्येक दावा सहकाऱ्यांकडून तपासला जातो, म्हणून स्वार्थापोटी खोटं रेटणं तिथे अवघड जातं, असं तो सांगतो. साक्षेपींचा पहिला थर तो हाच, जागेचा. पण इथे प्रत्येक वैज्ञानिकाला आपल्या विषयाचं वेड असतंच, नाहीतर तो प्रयोगशाळेत रात्र रात्र बसणार नाही. ‘रस नसणं’ हे विज्ञानाचं मूल्य आहे असा अनुवाद एका लेखात वाचला तेव्हा मला धक्काच बसला होता.

सौंदर्यशास्त्रात तर हा शब्द पायाशी आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या १७९० च्या ग्रंथात सौंदर्याचा आनंद हा कोणत्याही ‘इंटरेस्ट’शिवायचा असतो, असा सिद्धांत आहे. समोर राजवाडा आहे. तो कुणाच्या घामावर उभा राहिला, मला तो हवासा वाटतो का, असल्या डामडौलाचा मला राग येतो का, हे सगळे प्रश्न वेगळे. नुसता बघितल्यावर तो सुंदर वाटतो का, एवढाच सौंदर्याचा प्रश्न. आणि त्याच ठिकाणी तळटीपेत कांट म्हणतो की असा निवाडा पूर्णपणे इंटरेस्टविरहित असूनही अतिशय इंटरेस्टिंग असू शकतो. रानजाईंच्या पहिल्या पोस्टचं सार त्या तळटीपेत आहे! मूळ जर्मन विशेषणाचा तोंडवळा ‘अनइंटरेस्टेड’सारखा आहे, तरी इंग्रजी अनुवादक ‘डिसइंटरेस्टेड’ लिहितात. बरोबरच करतात.

पाणकणीस

याला मराठीत ‘निर्हेतुक आनंद’ म्हणावं का? ‘त्रयस्थ आनंद’ काही कानाला बरं वाटत नाही.

वाळूचे_कण

‘निर्हेतुक’ने हेतूचा मुद्दा येतो आणि तो कांटकडे वेगळा आहे, त्यामुळे घोळ होईल. मी ‘निर्लेप’ किंवा ‘अलिप्त’ वापरतो. ‘अलिप्त’ही थोडा थंड आहे, पण बघणाऱ्याची नजर त्याने बंद होत नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार, फार शिकायला मिळालं. कलमाचं असं केलंय : ‘प्रत्येक अर्ज दोन परीक्षकांकडे पाठवण्यात येईल. अर्जाच्या निकालात या परीक्षकांचा कोणताही हितसंबंध नसावा.’ एका विशेषणाचं पूर्ण वाक्य झालं, पण नियमावलीत लांबी परवडते, संदिग्धता परवडत नाही. साक्षेपी, यात ‘परीक्षक अर्जदाराचे नातेवाईक नसावेत’ हे आपोआप आलं ना?

साक्षेपी

नाही, ते वेगळं लिहा. नातं आणि हित या दोन गोष्टी आहेत. राजस्थान राज्य विरुद्ध कल्की या १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : साक्षीदार नातेवाईक आहे म्हणून तो ‘इंटरेस्टेड’ ठरत नाही, खटल्याच्या निकालातून त्याला काही लाभ होणार असेल तरच ठरतो. तुम्हाला नातेवाईकही नको असतील तर तसं स्वतंत्र वाक्य घाला. विद्यार्थ्याचा मार्गदर्शक असेल तर तोही. तो नातेवाईक नसतो, पण विद्यार्थ्याच्या यशात त्याचं नाव असतं.

रानजाई

घातलं. मार्गदर्शकाचं माझ्या डोक्यातच आलं नसतं.

कवडसा

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. दोन शंका. ‘डिसइंटरेस्टेड’चा विरुद्धार्थी विचारला तर ‘बायस्ड’ लिहायचा की ‘इंटरेस्टेड’? आणि ‘डिसइंटरेस्ट’ हे नाम निःपक्षपातीपणासाठी चालतं का?

पाणकणीस

पर्यायांत ‘बायस्ड’ किंवा ‘पार्शल’ असेल तर तोच निवडा, परीक्षेत तेच अपेक्षित असतं. पण काटेकोर विरुद्धार्थी ‘इंटरेस्टेड’च, जसं ‘इंटरेस्टेड पार्टी’ म्हणजे ज्याचं हित गुंतलंय तो. आणि ‘डिसइंटरेस्ट’ हे नाम आता बहुतेक सगळीकडे ‘रस नसणं’ याच अर्थाने दिसतं. हित नसण्यासाठी ‘डिसइंटरेस्टेडनेस’ लिहा. लांबलचक आहे, पण त्याबद्दल कुणाचा गैरसमज होत नाही.

कवडसा

धन्यवाद ताई. ‘डिसइंटरेस्टेड अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘डिसइंटरेस्टेड लव्ह’ असंही वाचलंय. तिथे त्रयस्थ प्रेम?

पाणकणीस

नाही, तिथे ‘निरपेक्ष’. निरपेक्ष प्रेम, निरपेक्ष सल्ला. सल्ला देणारा बाहेरचा असेल तर ‘त्रयस्थाचा सल्ला’ही चालेल, पण घरातलं कुणी काही अपेक्षा न ठेवता सांगत असेल तर निरपेक्षच.